झोपलेला पेशंट उभा राहतो तेव्हा आत काय होतं: पहिल्या वर्षाची अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजी कशी शिकायची

बाय, तुझा प्रश्न सगळा वाचला. बाकीच्यांसाठी थोडक्यात परत लिहिते. तू गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली, चौथीपर्यंत मराठी शाळेत, पुढे इंग्लिश माध्यम पण ते कधी नीट अंगवळणी पडलं नाही, आता जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंग डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला. हार्टचा चॅप्टर पाठ, किडनीचा पाठ, नर्व्हस सिस्टीम रात्र रात्र जागून पाठ केली, आणि व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेल्या मॅडमनी एवढंच विचारलं की झोपलेला पेशंट उठून उभा राहिला की त्याच्या बीपीचं काय होतं, तर तुला एक शब्द सुचला नाही. आणि आता तू विचारतेस की माझी स्मरणशक्तीच कमी आहे का, मराठीत नोट्स काढल्या तर चालेल का, आणि हाडांची नावं कशी लक्षात ठेवायची.

स्मरणशक्ती तुझी चांगली आहे, तीन चॅप्टर पाठ करणारीची कमी कशी असेल. अडचण अशी आहे की पुस्तकात हार्ट एका चॅप्टरात, नर्व्ह दुसऱ्यात, किडनी तिसऱ्यात, आणि माणसाच्या अंगात ही सगळी एकाच वेळी, एकमेकांवर अवलंबून चाललेली असतात. मी बरीच वर्षं वॉर्डात काढली आणि नंतर मुलींना शिकवलं, त्यावरून माझं ठाम मत हे की अंगात घडणारी एक घटना धरायची आणि "मग पुढे काय होतं?" हे विचारत विचारत शेवटपर्यंत जायचं, वाटेत जे जे अवयव लागतील ते तिथेच शिकायचे, आणि जमेल ते सगळं स्वतःच्या अंगावर हात लावून बघायचं. व्हायवाच्या मॅडमनी विचारलेला प्रश्न त्यासाठी इतका चांगला आहे की त्याच्यावर मी तुला अर्धं वर्ष शिकवू शकते. तर तोच धरूया.

आधी झोपलेला माणूस घे. साधारण पाच लिटर रक्त, किलोमागे ७० मिली असा हिशोब. हे रक्त कुठे असतं विचारलं तर मुली म्हणतात हार्टमध्ये, आर्टरीत. तसं नाही. ६० ते ७० टक्के रक्त व्हेन्समध्ये असतं. व्हेनची भिंत पातळ, सैल, रक्त वाढलं की ती फुगते आणि आतलं प्रेशर फारसं वाढत नाही, म्हणून साठा तिथे राहतो. आर्टरीची भिंत जाड, तिच्यात रक्त कमी पण प्रेशर जास्त. हा एक फरक पक्का डोक्यात बसला की पुढचं निम्मं सोपं झालं.

आता हे बघ, आत्ता वाचता वाचताच. खुर्चीत बस, एक हात खाली लोंबकळत सोड, मिनिटभर थांब. हाताच्या पाठीवरच्या शिरा फुगून वर येतील. आता तोच हात सैल ठेवून हळूहळू वर उचलत ने, घाई करू नको, नजर शिरांवर. छातीच्या वर, खांद्याच्या आसपास कुठेतरी येशील तेव्हा त्या शिरा बघता बघता सपाट होतील. ती उंची म्हणजे तुझ्या राइट एट्रियमच्या (हार्टच्या वरच्या उजव्या कप्प्याच्या) प्रेशरचा ढोबळ अंदाज. हार्ट फेल्युअरच्या पेशंटचा हात बराच वर नेला तरी शिरा फुगलेल्याच राहतात कारण उजवीकडे प्रेशर वाढलेलं असतं, आणि जुलाब होऊन सुकलेल्या माणसाच्या शिरा हात खाली असताना सुद्धा नीट भरत नाहीत, सलाईनची सुई घालताना घाम फुटतो तो त्यामुळेच. डॉक्टर मानेवरची व्हेन बघतात ती सुद्धा हीच गोष्ट, फक्त मोजायला छातीच्या हाडावरचा उंचवटा धरतात. तो स्टर्नल अँगल तू पण बोटाने शोध, गळ्याखालच्या खळगीतून बोट सरळ खाली घसरत आण, चार-पाच सेंटिमीटरवर आडवी कड लागेल. तिथे दुसरी बरगडी जोडलेली असते. बरगड्या मोजायच्या त्या नेहमी तिथून, पहिली क्लॅव्हिकलच्या (गळपट्टीच्या हाडाच्या) मागे असते, हाताला नीट लागत नाही. दुसरीपासून मोजत पाचव्या इंटरकॉस्टल स्पेसमध्ये (दोन बरगड्यांमधल्या जागेत), मिडक्लॅव्हिक्युलर लाईनला (क्लॅव्हिकलच्या मध्यातून खाली येणाऱ्या रेषेवर) डावीकडे आलीस की हार्टचा एपेक्स, म्हणजे टोक. बघ, एका बोटाने तीन व्याख्या झाल्या आणि पाठ काहीच करावं लागलं नाही.

व्हेनमध्ये व्हॉल्व्ह असतात हे तू पाठ केलं असशील. ते बघितलंस का कधी? १६२८ साली विल्यम हार्वे नावाच्या इंग्लिश डॉक्टरने रक्त गोल फिरतं हे मांडलं, त्याच्या आधी हजारभर वर्षं लोक मानत होते की रक्त लिव्हरमध्ये तयार होतं आणि अंगात खर्च होऊन जातं. हार्वेचा एक पुरावा असा साधा होता की तो तू मैत्रिणीच्या हातावर करू शकतेस. दंडाला टर्निके बांध, फार घट्ट नको, पल्स लागायला हवी. फोअरआर्मवर एक ठळक सरळ व्हेन निवड. एका बोटाने तिचा खालचा, मनगटाकडचा भाग दाबून धर आणि दुसऱ्या बोटाने तिथून वर कोपराकडे रक्त पुसत ने, मग वरचं बोट उचल. मधला भाग रिकामाच राहील, वर रक्त आहे पण ते खाली येत नाही, आणि ते जिथे अडलंय तिथे छोटीशी गाठ दिसेल, तो व्हॉल्व्ह. आता खालचं बोट उचल, क्षणात खालून भरून येईल. रक्त व्हेनमध्ये एकाच दिशेने, हार्टकडेच जातं, हे तू डोळ्यांनी बघितलंस. हार्वेला एकच दुवा सापडला नव्हता, आर्टरीतलं रक्त व्हेनमध्ये जातं कुठून, कारण त्यांना जोडणाऱ्या सगळ्यात बारीक नळ्या, कॅपिलरी, नुसत्या डोळ्याला दिसत नाहीत. त्या मालपिघी या इटालियन डॉक्टरने १६६१ मध्ये मायक्रोस्कोपखाली बेडकाच्या फुप्फुसात बघितल्या. व्हायवात हे कोणी विचारणार नाही, पण मला वाटतं की ही माहिती कोणी कष्टाने शोधली ते कळलं की ती आपल्याला परकी वाटत नाही.

बरं, आता पेशंट उभा राहिला. खाली पाय, वर डोकं, मध्ये हार्ट. साधारण ५०० ते ८०० मिली रक्त पायाच्या आणि पोटाच्या व्हेन्समध्ये उतरतं. अंगाबाहेर एक थेंब गेला नाही, पण हार्टकडे परत येणारं रक्त तेवढं कमी झालं. हार्टमध्ये येईल तेवढंच ते बाहेर टाकणार, म्हणजे स्ट्रोक व्हॉल्यूम (एका ठोक्याला बाहेर पडणारं रक्त) कमी. कार्डियाक आउटपुट म्हणजे स्ट्रोक व्हॉल्यूम गुणिले हार्ट रेट, ७० मिली गुणिले ७२, साधारण पाच लिटर मिनिटाला, हे सूत्र तुला येतं. त्यातला एक आकडा पडला तर गुणाकार पडणार आणि त्याच्याबरोबर बीपी पडणार.

आणि डोकं तर हार्टच्या वर आहे. रक्ताच्या उंचीमागे दर सेंटिमीटरला साधारण पाऊण मिलिमीटर मर्क्युरी प्रेशर बदलतं. डोकं हार्टच्या ३० सेंटिमीटर वर धरलं तर मेंदूत प्रेशर वीस-बावीसने कमी. (हाच हिशोब तुझ्या बीपीच्या मशीनला पण लागतो, पेशंटचा हात हार्टच्या लेव्हलपेक्षा १० सेंटिमीटर खाली लोंबत असेल तर रीडिंग सात-आठने जास्त येतं, म्हणून हाताखाली उशी ठेवायला सांगतात. उगाच सांगत नाहीत.) मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, पण त्याला आउटपुटचा १५ टक्के वाटा लागतो, आणि रक्त पूर्ण थांबलं तर दहाएक सेकंदांत माणूस बेशुद्ध. म्हणजे ही दुरुस्ती शरीराला काही सेकंदांतच करावी लागते.

दुरुस्ती कोण करतं? आधी कळायला पाहिजे की प्रेशर पडलं. त्यासाठी दोन ठिकाणी सेन्सर आहेत, बॅरोरिसेप्टर. एक कॅरोटिड सायनस, गळ्यात जिथे कॉमन कॅरोटिडच्या दोन फांद्या होतात तिथे, थायरॉइड कार्टिलेजच्या वरच्या कडेच्या लेव्हलला. दुसरा एओर्टाच्या कमानीत. गळ्यातला पल्स हलकेच एका बाजूने बघ, दोन्ही बाजूंनी एकदम कधीच दाबायचा नाही, आणि म्हाताऱ्या माणसाचा तर चोळायचा अजिबात नाही, कारण तिथे दाबलं की सेन्सरला वाटतं प्रेशर वाढलंय आणि तो हार्ट आणखी हळू करतो. कॅरोटिड सायनसचा निरोप नवव्या क्रेनियल नर्व्हने जातो, एओर्टाचा दहाव्या म्हणजे व्हेगसने, दोन्ही मेड्युलात, म्हणजे मेंदूच्या सगळ्यात खालच्या भागात पोचतात. बारा क्रेनियल नर्व्हची यादी पाठ करताना नववी नेहमी विसरते ना? आता नाही विसरणार.

इथे एक गोष्ट मुली उलटी शिकतात. प्रेशर पडलं की बॅरोरिसेप्टर जास्त निरोप पाठवत नाहीत, कमी पाठवतात. ते ताणाने चालतात, आर्टरीची भिंत ताणली की पटापट सिग्नल, ताण कमी झाला की सिग्नल विरळ. आणि मेड्युला त्या विरळ होण्यावरूनच ओळखते. मग ती दोन कामं करते, हार्टला हळू ठेवणाऱ्या व्हेगसचा लगाम सैल सोडते आणि हार्टला वेग देणाऱ्या, रक्तवाहिन्या आवळणाऱ्या सिम्पथेटिक नर्व्हना जोर देते. व्हेगसचं काम लगेच, एक-दोन ठोक्यांत दिसतं, सिम्पथेटिकला काही सेकंद लागतात. हार्ट रेट मिनिटाला दहा-वीसने वाढतो, व्हेन्स आवळतात म्हणजे साठ्यातलं रक्त वर ढकललं जातं, आणि आर्टिरिओल्स, म्हणजे अगदी बारीक आर्टरी, आवळतात.

आर्टिरिओलवर जरा थांबते कारण हे समजलं की बीपीच्या गोळ्यांचं अर्धं पुस्तक समजतं. नळीतून जाणारा प्रवाह तिच्या रेडियसच्या चौथ्या घातावर ठरतो. रेडियस निम्मी झाली तर प्रवाह निम्मा होत नाही, सोळाव्या हिश्शावर येतो. नुसती २० टक्के आवळली तरी प्रवाह निम्म्यापेक्षाही खाली, ४१ टक्क्यांवर. म्हणून शरीर बीपी सांभाळायला या बारीक नळ्यांचा स्मूथ मसल वापरतं, जरासं आवळलं की मोठा फरक. आणि म्हणूनच अम्लोडिपीनची एवढीशी गोळी एवढं प्रेशर उतरवते, ती हाच मसल सैल करते.

हे सगळं नीट झालं की उभं राहिल्यावर सिस्टोलिक (बीपीचा वरचा आकडा) किंचित खाली किंवा तेवढंच, डायस्टोलिक (खालचा आकडा) किंचित वर, पल्स थोडी जास्त, आणि माणसाला काही कळत पण नाही. हे व्हायवाचं उत्तर. आणि तीन मिनिटांच्या आत सिस्टोलिक २० किंवा डायस्टोलिक १० ने, किंवा त्याहून जास्त पडलं तर ते पोस्चरल हायपोटेन्शन. मोजायची पद्धत पण सांगते कारण वॉर्डात ती चुकीची होताना खूप दिसते, पेशंटला पाच मिनिटं खरोखर आडवं ठेवायचं, बीपी आणि पल्स दोन्ही घ्यायचे, मग उभं करून एका मिनिटाला आणि तिसऱ्या मिनिटाला परत दोन्ही घ्यायचे, आणि तू त्याच्या बाजूला उभी राहायचं, चार्ट भरायला टेबलाकडे जायचं नाही.

पल्स का घ्यायची ते ऐक, ही गोष्ट मला विद्यार्थिनींनी जन्मभर लक्षात ठेवावीशी वाटते. बीपी पडलं आणि पल्स चांगली वाढली, तर रिफ्लेक्स शाबूत आहे, रक्त किंवा पाणी कमी पडतंय: जुलाब, उलट्या, आत कुठे ब्लीडिंग. बीपी पडलं आणि पल्स जागची हललीच नाही, तर रिफ्लेक्सची वाटच कुठेतरी तुटलीय: बरीच वर्षं डायबिटीस असून नर्व्ह खराब झाल्यात, किंवा पेशंट मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉलसारखी गोळी घेतोय जी हार्टला वेगाने धावूच देत नाही. त्यामुळे बीटा ब्लॉकरवरच्या पेशंटची पल्स ७० बघून "स्टेबल आहे" असं म्हणायचं नाही, त्याचं रक्त जात असेल तरी पल्स सांगणार नाही. एक बोट, एक घड्याळ, आणि तुला आतलं एवढं कळतं, ते पण फक्त फिजिऑलॉजी येत असेल तर.

असा एक पेशंट आपल्याकडे कुठल्याही वॉर्डात भेटतो. सत्तरीच्या पुढचे आजोबा, डिचोली-पेडण्याकडचे, बीपीची गोळी, डायबिटीसची गोळी, आणि लघवीला त्रास म्हणून टॅमसुलोसिन. रात्री दोनला उठले, बाथरूमकडे गेले, पडले. सकाळी विचारलं तर म्हणतात "म्हाका घुंवळ आयली", मला चक्कर आली. आता तूच जुळव. रात्रभर आडवे होते, उठले तसे रक्त खाली उतरलं. टॅमसुलोसिन प्रोस्टेटचा मसल सैल करते, पण त्याच जातीचे अल्फा रिसेप्टर रक्तवाहिन्यांवर पण असतात म्हणून आवळणं कमी पडतं. डायबिटीसने नर्व्ह मंद झालेल्या. वय झाल्यामुळे आर्टरी कडक, सेन्सर ताणलेच जात नाहीत नीट. ब्लॅडर एकदम रिकामी झाल्यावर प्रेशर आणखी थोडं उतरतं. पाच कारणं, प्रत्येक वेगळ्या चॅप्टरातलं, आणि एकच आजोबा. नर्सिंग केअर प्लॅनमध्ये आपण लिहितो ना की कॉटवर आधी बसवा, पाय हलवायला सांगा, मग उभं करा, रात्री युरिन पॉट जवळ ठेवा, त्यातल्या प्रत्येक ओळीला वरचं एकेक कारण आहे.

पाय हलवायला का? पोटरी. नुसतं निश्चल उभं राहिल्यावर पावलाच्या व्हेनमधलं प्रेशर ९० मिलिमीटरपर्यंत चढतं, कारण हार्टपासून पावलापर्यंतच्या सगळ्या रक्ताचं वजन तिथे. चालायला लागलं की पोटरीचे मसल व्हेनला पिळतात, व्हॉल्व्ह रक्त खाली येऊ देत नाहीत, आणि तेच प्रेशर पंचवीसच्या आसपास येतं. मघाशी मैत्रिणीच्या हातावर बघितलेला व्हॉल्व्ह इथे कामाला आला. निश्चल उभं राहणाऱ्याचं १५ ते ३० मिनिटांत १० ते २० टक्के रक्ताचं पाणी कॅपिलरीतून पायाच्या टिश्यूत झिरपतं, त्यामुळे शाळेच्या ग्राउंडवर परेडला उभी पोरं पडतात ती सकाळी उपाशी आली म्हणूनच पडतात असं नाही.

आता आपला गोव्याचा मे महिना यात घाल. उष्णता बाहेर टाकायला स्किनच्या रक्तवाहिन्या रुंद होतात, म्हणजे मेड्युला म्हणते आवळा आणि हायपोथॅलॅमस म्हणतो सैल सोडा, दोघांची ओढाताण. त्यात घाम. एक लिटर घाम वाळला तर जवळजवळ ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, पण वाळला तर. आपल्या दमट हवेत तो वाळतच नाही, नुसता गळतो, पाणी आणि मीठ गेलं आणि अंग थंड झालंच नाही. काजूच्या बागेत ऐन दुपारी वाकून बोंडू गोळा करणारी बाई एकदम ताठ उभी राहिली आणि डोळ्यांपुढे अंधार आला, यात सगळंच आलं: घामाने व्हॉल्यूम कमी, स्किनमध्ये रक्त पसरलेलं, आणि त्यात वाकलेल्याचं एकदम उभं राहणं.

आणि आपल्याकडे सकाळी अकराच्या सुमाराला पेज घ्यायची जी पद्धत, मीठ घालून, तोंडी लावायला लोणच्याची फोड, तिच्यामागे इंटेस्टाइनचं फिजिऑलॉजी आहे. इंटेस्टाइनच्या सेलवर एक वाहक प्रोटीन असतं, एसजीएलटी-१, ते एका ग्लुकोजबरोबर दोन सोडियम आत घेतं, आणि त्यांच्या मागोमाग पाणी जातं. नुसतं पाणी प्यायलं किंवा नुसतं मीठ खाल्लं तर ते एवढं चांगलं शोषलं जात नाही. पेजेतल्या तांदळाच्या स्टार्चचं ग्लुकोज होतं, मीठ तू घातलंस, दोन्ही जोडीने आत. ओआरएसचं तत्त्व पण तेच, म्हणून त्याच्या पाकिटात एका लिटरला सोडियम ७५ आणि ग्लुकोज ७५ मिलिमोल, मुद्दाम बरोबरीचे. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत, बनगावला, सलाईन संपल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी कॉलऱ्याच्या पेशंटना हे द्रावण पाजलं आणि कितीतरी जीव वाचले. मात्र जोराचे जुलाब असतील तर पेजेवर विसंबायचं नाही, पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात ओआरएस करून द्यायचं, अर्ध्या पाकिटाचे अर्धा ग्लास असले अंदाज घरच्यांना करू द्यायचे नाहीत.

किडनीकडे यायला वेळ लागला कारण किडनी सावकाशच काम करते. नर्व्हचं काम सेकंदांत, हॉर्मोनचं मिनिटांत-तासांत, किडनीचं तासांत-दिवसांत, हा क्रम वहीत मोठ्या अक्षरात लिही. किडनीला मिनिटाला लिटरभर रक्त जातं, त्यातून १२५ मिली फिल्टर होतं, दिवसाला १८० लिटर, आणि लघवी होते दीड लिटर. म्हणजे ९९ टक्के परत घेतलं जातं. परत किती घ्यायचं हाच तिचा मुद्दा. प्रेशर कमी पडलं की ती रेनिन सोडते, लिव्हरने बनवलेल्या अँजिओटेन्सिनोजेनचं अँजिओटेन्सिन वन होतं, ते मुख्यतः फुप्फुसातून जाताना एसीई एन्झाइममुळे टू होतं, ते रक्तवाहिन्या आवळतं आणि अ‍ॅड्रीनलकडून अल्डोस्टेरोन सोडवून घेतं, ते सोडियम परत घेतं. पिट्युटरीच्या मागच्या भागातून एडीएच सुटतं, ते पाणी परत घेतं. या एका साखळीत किडनी, लिव्हर, लंग, अ‍ॅड्रीनल, पिट्युटरी पाच जण आले. रामिप्रिल, एनालाप्रिल एसीईला अडवतात, टेल्मिसार्टन टूच्या रिसेप्टरला. रामिप्रिल घेणाऱ्या काही जणांना कोरडा खोकला येतो कारण तेच एन्झाइम ब्रॅडिकायनिनचं पण विघटन करतं, ते अडलं की ब्रॅडिकायनिन साठतं. आणि म्हणून युरिन आउटपुट दर तासाला लिहायला सांगतात, तासाला किलोमागे अर्धा मिलीच्या खाली गेली तर किडनी सांगतेय की मला रक्त पुरत नाही, बीपीचा आकडा अजून बरा दिसत असला तरी. ५० किलोच्या बाईला २५ मिली. हे नाइट ड्युटीला सिस्टरला लगेच सांगायची गोष्ट आहे, सकाळच्या राऊंडपर्यंत थांबायची नाही.

तू लिहिलंस की पहिल्या ड्रेसिंगला तुझी मैत्रीण चक्कर येऊन पडली आणि सगळ्यांनी तिला धरून खुर्चीत बसवलं. तसं करू नका. ती व्हेसोव्हेगल. जखम बघून व्हेगसचा जोर एकदम वाढला, हार्ट हळू झालं, आणि त्याच वेळी सिम्पथेटिक गप्प झाल्याने रक्तवाहिन्या सैल पडल्या. मेंदूला रक्त पोचत नाही म्हणून शरीर स्वतःच आडवं होतंय, आणि तुम्ही तिला परत सरळ बसवताय. आडवं झोपवा, पाय वर उचलून धरा, श्वास आणि पल्स बघा, गळ्याभोवतीचं सैल करा, शुद्धीवर येईपर्यंत तोंडात पाणी ओतू नका. भरलेल्या कदंब बसमध्ये कोणी असं गळालं तरी हेच, उभ्याने धरून ठेवायचं नाही, वाट करून खाली आडवं करायचं. मिनिटा-दोन मिनिटांत माणूस परत येतो. नाही आला, किंवा छातीत दुखत होतं, धाप होती, तर १०८ ला फोन.

मराठी नोट्सचं विचारलंस. काढ, बिनधास्त काढ. नावं इंग्लिशच ठेव, परीक्षेत आणि वॉर्डात तीच लागणार, पण "का" आणि "मग काय" हे मराठीत लिही, कोंकणीत सुचलं तर कोंकणीत. पणजीला १८४२ साली मेडिकल स्कूल सुरू झालं, आजच्या बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजचं मूळ तेच, आणि तिथे आपल्या गावागावांतली पोरं पोर्तुगीजमधून शरीर शिकली, डॉक्टर झाली. परकी भाषा शब्दांपुरती असते, कारण कळलं की ते स्वतःच्या भाषेतच डोक्यात राहतं.

हाडांचं म्हणशील तर २०६ नावं एका बैठकीत करू नको. जी हाताला लागतात ती आधी, आणि ज्या हाडावरून तुला सुई कुठे टोचायची ते ठरतं ती सगळ्यात आधी. खांद्याचं टोक अ‍ॅक्रोमियन, त्याच्या दोन-तीन बोटं खाली डेल्टॉइडचं इंजेक्शन, फार वर टोचलं तर जॉइंटजवळ, फार खाली किंवा मागे गेलीस तर नर्व्ह. ढुंगणावर द्यायचं तर मधून सायॅटिक नर्व्ह जाते, म्हणून तिथे अंदाजाने कधीच नाही, त्यापेक्षा व्हेंट्रोग्लुटिअल जागा शिकून घे: तळहात ग्रेटर ट्रोकँटरवर, तर्जनी समोरच्या इलिअक स्पाइनवर, मधलं बोट इलिअक क्रेस्टकडे पसरलेलं, दोन बोटांच्या मधल्या त्रिकोणात. पेशंटच्या उजव्या कुशीला तुझा डावा हात, डाव्या कुशीला उजवा. हॉस्टेलवर एकमेकींवर नुसती जागा शोधायची प्रॅक्टिस करा, सुई नको. पाय आणि हाताची बारकी हाडं शेवटी, ती खरोखर पाठच करावी लागतात, तिथे माझ्याकडे पण दुसरा उपाय नाही.

पुढच्या आठवड्यासाठी दुसरी घटना देते: जिना चढताना श्वास का वाढतो. बहुतेक जणी लिहितात ऑक्सिजन कमी झाला म्हणून. हातातला ऑक्सिमीटर लावून जिना चढून बघ, धडधाकट माणसाचं सॅच्युरेशन जागचं हलत नाही आणि श्वास तर वाढलेला असतो. तेव्हा शोध कार्बन डायऑक्साइडपासून सुरू कर, मेड्युला परत भेटेल, आणि बरोबर सीओपीडीच्या (फुप्फुसाच्या जुनाट, धाप लावणाऱ्या आजाराच्या) पेशंटला ऑक्सिजन किती लिटरवर ठेवायचा ते डॉक्टर एवढं जपून का लिहितात हे पण वाच. जे लिहिशील ते पाठव, मी बघते.